पाण्याची रेघ

प्रफुल्लला उठायचं कधी हे कळत नसे. लग्नघरी पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, तरी हा आपला मांडी घालून बसलेला. कोणाच्या ओट्यावर चहाला टेकला की त्या घरच्या बाईनं भाकरी थापायच्या की पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हा प्रश्न. "पाट दिला की मुळं फुटतात ह्याला," असं त्याची आई, सिंधुबाई, चारचौघांत म्हणत. तो ऐकून हसे, पण उठत नसे. धाकटा म्हणून लाडावला, असं लोक म्हणायचे. सिंधुबाईंना ते मान्य नव्हतं. लाडानं माणूस आळशी होईल, चिकट कसा होईल? हा चिकटपणा त्यांच्या सासरच्या, डेर्ल्यांच्या रक्तातला. सिंधुबाईंच्या माहेरी, सायखेड्याला, माणसं काम झालं की उठून जात. मरतानासुद्धा कोणाला फार ताटकळत ठेवत नसत.

प्रफुल्लला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. ओझरच्या रस्त्यावर, दहाव्या मैलाजवळ, भर दुपारी ट्रकनं मोटारसायकल उडवली. आणि यंदाच्या पितृपक्षात, त्याच्या तिथीला पाट मांडून जेवू घातल्यावर थोड्याच दिवसांनी, सिंधुबाईंची खात्री पटली की पोरगा अजून उठलेला नाही.

आधी त्यांना वाटलं, सुनेचंच डोकं फिरलं.

रोहिणी, प्रफुल्लची बायको, उद्या मुलाखतीला जायची होती. ओझरच्या अलीकडे पंपांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, त्याच्या स्टोअरमध्ये मालाची नोंद ठेवायला बाई पाहिजे होती. बी.कॉम. होऊन वीस वर्षं झाली, त्यात एकदाही कोणापुढे बसून स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ आली नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी ही पहिली मुलाखत. अर्ज तिच्या लेकीनं भरला होता. तेजस्विनी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, तोंडानं आजीवर गेलेली. तिनं आईच्या खोलीत चाकांची खुर्ची मांडली, तिच्यासमोर स्टूल ठेवलं, आणि हुकूम सोडला, "मम्मी, खुर्चीत साहेब बसलाय असं समज. रोज बोल त्याच्याशी. डोळ्यांत बघून."

ती खुर्ची प्रफुल्लची. आडगाव नाक्यावर दोघा भावांचं खतं-औषधांचं दुकान, तिथल्या गल्ल्यामागे तो ह्याच खुर्चीत बसे. तो गेल्यावर थोरल्यानं ती पोरीला अभ्यासाला म्हणून घरी आणून टाकली.

सिंधुबाईंना हा सगळा प्रकारच ओंगळ वाटला होता. आपण कशा चांगल्या हे आपल्याच तोंडानं परक्याला सांगायचं! "भाजीवाली मेथी इकते, पण मेथीलाच बोलायला नाय लावत," त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं शिक्षण दुसरी, तेही अर्धी. पण डेर्ल्यांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि रोहिणीनं जावं की नाही यावर तो त्यांनी अजून टाकला नव्हता. अख्खं घर त्या शब्दाची वाट बघत होतं.

त्या दिवशी सकाळी तेजस्विनी कॉलेजला गेलेली. सिंधुबाई वाळवणाची ताटं घेऊन गच्चीकडे निघाल्या, आणि रोहिणीच्या लोटलेल्या दाराशी थबकल्या.

"माझं नाव रोहिणी प्रफुल्ल डेर्ले," आतून आवाज आला. "माझं शिक्षण बी.कॉम. मी..."

मग गप्प. कोणी मधेच बोललं तर माणूस जसं गप्प होतं, तसं.

"नाही, कपाटातच आहे," रोहिणी म्हणाली.

परत गप्प.

"निळा. इस्त्री करून ठेवलाय."

सिंधुबाईंनी ताट छातीशी धरलं.

"नाही हो. कोणाला देईन?"

त्यांनी दार ढकललं. रोहिणी स्टुलावर ताठ बसली होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर लेकीनं शिकवलेलं ते मोजकं हसू. समोरची खुर्ची रिकामी होती. फक्त ती स्टुलाकडे तोंड करून नव्हती. दाराकडे, म्हणजे सिंधुबाईंकडे, वळलेली होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती हळूच, चाक न वाजवता, पुन्हा रोहिणीकडे वळली.

"कोणाशी बोलती गं?"

"कोणाशी नाही, आई. सराव करतेय."

"निळा काय?"

"निळा?" रोहिणीनं डोळे मिचकावले. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारीचा चेहरा सिंधुबाईंना पन्नास पावलांवरून कळे. तिला खरंच आठवत नव्हतं. "मी निळं काही म्हणाले का?"

"पंखा बंद कर," सिंधुबाई म्हणाल्या. "खुर्ची हालती वाऱ्यानं."

रोहिणीनं वर बघितलं. पंखा बंदच होता.

गच्चीवर ताटं तशीच ठेवून सिंधुबाई कठड्याला टेकल्या, आणि त्यांना तिथीचा दिवस आठवला.

डेर्ल्यांच्यात पितर जेवू घालायची रीत अशी: नुसतं पान वाढून भागत नाही. बाहेरचा एक माणूस बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, त्याला गेलेल्याच्या नावानं पाटावर बसवायचं. पाटावर आहे तोवर तो तो नाही. त्याला गेलेल्याच्याच नावानं हाक मारायची, गेलेल्याला आवडायचं तेच वाढायचं. जेवण झालं की टोपी-टॉवेल देऊन उठवायचं. त्यानं मागं न बघता उंबरा ओलांडायचा, आणि घरातल्या वडील बाईनं त्याच्या पाठीमागं उंबऱ्यावर पाण्याची रेघ ओढायची. रेघ वाळली की पाहुणा गेला. वर्षभराची काळजी मिटली.

प्रफुल्लच्या पाटावर बसला होता लहानू. दोन घरं टाकून राहणारा, मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात जन्म काढून निवृत्त झालेला, सिंधुबाईंना मावशी म्हणणारा. जेवला यथास्थित. अळूवडी दोनदा मागून घेतली. कावळ्यानंही ठेवल्या ठेवल्या घास उचलला, म्हणून सगळे खूश. लहानू उंबऱ्याबाहेर गेला, सिंधुबाईंनी रेघ ओढली, आणि तेवढ्यात तो अंगणातून गर्रकन वळला.

"अरे बाप रे, मोबाईल राहिला की! चार्जिंगला."

सिंधुबाई "थांब, थांब" म्हणेपर्यंत ओल्या रेघेवरून पाय देऊन तो आत. टीव्हीजवळची वायर उपटली, मोबाईल खिशात टाकला, गेला. थोरला सावळीराम पोट धरून हसला. थोरली सून कमळ म्हणाली, "जाऊ द्या हो आई, आताच्या काळात कोण बघतं." दुसऱ्यांदा रेघ ओढावी का? तशी रीत सासूनं शिकवली नव्हती. सासूच्या वेळी कोणी परत आलंच नव्हतं.

लहानू गेला खरा. पण गेला तो एकटाच, असं आता त्यांना वाटायला लागलं.

दुपारी चारच्या सुमारास नेमका तोच लहानू दारात उभा. तेजस्विनीनं बोलावलं होतं. मनमाडच्या ऑफिसात भरती असली की उमेदवारांना नाव पुकारून आत सोडायचं काम त्याचं असे, आणि दाराच्या फटीतून त्यानं साहेबांचे इतके प्रश्न ऐकले होते की सराव घ्यायला त्याच्याइतका माणूस आडगावात मिळाला नसता. तमाशा बघायला सावळीराम दुकान नोकरावर टाकून आला होता. बैठकीच्या खोलीत चाकांची खुर्ची आणून ठेवली.

"ती खुर्ची नको," सिंधुबाई म्हणाल्या.

"का गं आजी?"

"नको म्हटलं ना. लाकडी आण."

"लाकडीचा पाय हलतो. लहानूकाका पडतील!" आणि पोरीनं चाकाचीच पुढं ढकलली. लहानू टेकला. सिंधुबाई सोफ्याच्या कडेला बसून त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

"बघा वहिनी," लहानू रंगात आला, "पहिली बात. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. बसलं की काठावर बसायचं नाही, गाडी सुटणार असल्यासारखं. आणि पाया पडायचं नाही हां! एक पोरगा आमच्या साहेबाच्या पाया पडला, साहेब घाबरून उभाच राहिला. त्याला वाटलं पाय ओढतोय."

सगळे हसले. रोहिणीही.

"मला मुळात हेच कळत नाही," सावळीराम म्हणाला, "की पक्ष चालू असताना नवं काम कोणी धरतं का? आणि कशाला? दुकान आहे ना घरचं. तिथं बस म्हणावं."

"दुकानात बसली काय, कारखान्यात गेली काय," कमळनं चहाचा ट्रे आपटला, "स्वयंपाक माझ्याच गळ्यात. माझं कोणी विचारतंय का?"

"मोठे काका, दुकानात मम्मीला बसवून तुम्ही काय म्हणणार, माहितीय मला," तेजस्विनी म्हणाली. "'आमची धाकटी असते मदतीला.' मदतीला! नोकरी म्हणजे नोकरी असते."

"जीभ बघा हिची."

"आजीची आहे."

"माझी जीभ मला लागते, तुला उसनी नाय दिली," सिंधुबाई म्हणाल्या, पण नजर लहानूच्या हातांवरच.

रोहिणी बाहेर गेली, दारावर टकटक केली. "आत येऊ का, सर?"

"या. बसा. स्वतःबद्दल सांगा."

"आमचं शिक्षण बी.कॉम..."

"माझं, मम्मी! 'आमचं' नाही!"

"माझं शिक्षण बी.कॉम. झालंय. आम्ही... मी घर सांभाळलं."

"वीस वर्षं काय केलं, असं विचारणार ते," लहानू बोट उगारून म्हणाला. "तिथं मान खाली घालू नका. काय काय केलं ते सांगा धडाधड."

"दुकानाचा वर्षअखेरचा माल मोजायचे मी. गोण्या, बाटल्या, तारीख संपलेला माल वेगळा काढायचे."

"कधी?" सावळीराम म्हणाला.

"दर मार्चला, भाऊजी. तुम्ही आणि हे दमून झोपायचात तेव्हा."

सावळीराम चहा पिऊ लागला.

"वा! हे बोला तिथं," लहानू म्हणाला. "आता कमतरता सांगा. हा प्रश्न हमखास असतो. तुमच्यात काय कमी आहे?"

रोहिणी विचारात पडली. तेवढ्यात लहानूनं समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला, आणि तिपाईवर उपडा ठेवला.

ग्लास उपडा ठेवायची खोड ह्या घरात एकाचीच होती. लहानूनं डावा पाय वर घेतला, मांडीखाली दुमडला. खुर्ची जराशी मागं रेलली.

"येणंजाणं कसं करणार?" त्यानं विचारलं. आवाज लहानूचाच होता. फक्त त्यातली मनमाडची हिंदी धुऊन निघाल्यासारखी वाटली.

"बसनं."

"कोणत्या रस्त्यानं?"

"हायवेनं. दुसरा रस्ता नाही."

"दहाव्या मैलावरून."

"हो."

"तिथं गाड्या हळू करतात का आता?"

"नाही," रोहिणी म्हणाली. ती डोळ्यांत बघत होती, शिकवलं होतं तसं. हात मांडीवर, हसू जागच्या जागी.

"मी तिथं किती वेळ पडून होतो, कोणी सांगितलं तुला?"

"नाही. कोणीच सांगितलं नाही."

तेजस्विनीच्या हातातला मोबाईल खाली आला. "लहानूकाका, हा काय प्रश्न आहे?"

लहानूनं मान वळवली नाही. "निळा शर्ट आहे ना अजून?"

"आहे. इस्त्री करून ठेवलाय."

"तू गेलीस तर दार कोण उघडणार? मी आल्यावर दार कोण उघडणार, रोहे?"

रोहे. चार भिंतींच्या आड, बायकोला हळूच मारायची हाक. सिंधुबाईंनी ती आयुष्यात दोनदा ऐकली असेल, तीही भिंतीपलीकडून. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. खिडकीतून स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात खुर्चीतला माणूस गुडघा हलवत बसला होता. कमळनं देवघराच्या चौकटीला घट्ट धरलं.

"लहान्या!" सावळीराम उठला. "मेलेल्या माणसाची थट्टा करतोस? कानफटात देईन."

"दादा," खुर्चीतला म्हणाला, "चावी डाव्या खिशात ठेवू नको म्हटलं होतं ना? शिवण उसवलीय."

सावळीरामचा हात आपोआप डाव्या खिशात गेला. बोटं खिशाच्या तळातून आरपार बाहेर आली. चावी पायाशी पडून वाजली, आणि तो चावीकडे न बघता मटकन बसला.

मग सावळीरामनं हात जोडले. "प्रफुल्ल," तो म्हणाला. "आई, बघितलंस? तोच नको म्हणतोय. मी म्हणत होतो तर मी वाईट. आता तोच सांगतोय ना, रोहिणीनं जाऊ नये."

सिंधुबाई उठल्या. स्टुलाजवळ गेल्या. "सरक," त्या सुनेला म्हणाल्या, आणि स्वतः स्टुलावर बसल्या. खुर्चीतल्याच्या गुडघ्याला त्यांचा गुडघा लागला. लहानूचं अंग बर्फासारखं गार होतं. कपाळावर मात्र घाम.

"नाव सांग," त्या म्हणाल्या.

"बय," तो म्हणाला.

बाकी सगळ्यांच्या त्या आई होत्या, मावशी होत्या, आजी होत्या. बय एकाच्याच. दोन वर्षं त्या ह्या एका शब्दावाचून होत्या, आणि आता तो लहानूच्या पानानं रंगलेल्या तोंडातून आला. त्यांना वाटलं, डोकं त्याच्या मांडीवर ठेवावं आणि म्हणावं, कुठं होतास रे बाबा, भूक लागली का. त्यांनी स्टुलाची कड पकडली.

"नाव सांग म्हटलं. पुरं."

"प्रफुल्ल दामोदर डेर्ले."

"कुठून आलास?"

"इथंच आहे."

"कधीपासून?"

"लहानू परत आत आला, त्याच्या मागून आलो. पाणी गार होतं, बय. पाय भिजले माझे."

कमळ मोठ्यानं रामराम म्हणायला लागली.

"कशाला आलास?"

"अळूवडी चांगली झाली होती."

तेजस्विनी हसली, आणि हसता हसता तिचं रडू फुटलं. "पप्पा," ती म्हणाली, "पप्पा, माझ्याकडे बघा ना."

खुर्ची तिच्याकडे वळली. लहानूचे डोळे तिच्यावर आले, पण ओळखीची जागा सापडत नसल्यासारखे इकडून तिकडे फिरले. "ही मोठी दिसते," तो म्हणाला. "तेजू बारावीला होती."

"मोठी व्हनारच," सिंधुबाई म्हणाल्या. "तू थांबलास, ती नाय थांबली. इकडं बघ. काय पाहिजे तुला?"

"काही नाही. रोहिणी घरात पाहिजे. खोली आहे तशी राहू दे. मी येत जाईन."

"कधी कधी?"

"रोज, बय. दुपारचा. बसेन थोडा वेळ आणि जाईन."

थोडा वेळ! सिंधुबाईंना त्याही स्थितीत हसू आलं. ह्याचा थोडा वेळ अख्ख्या गावाला माहीत होता.

"काय वाईट आहे, आई?" सावळीराम पुढं सरकला. त्याचे डोळे वाहत होते. "आपला माणूस आहे. रोज येईल, बसेल, बोलेल. कुणाला मिळतं असं? त्यासाठी एक नोकरी गेली तर गेली."

"लहानूभाऊंकडे बघा आधी!" कमळ चौकटीजवळूनच ओरडली. "ओठ बघा त्यांचे, काळे पडले. तो माणूस मरेल आपल्या घरात. आणि मी ह्या घरात रोज दुपारी एकटी... नाही. मला नाही झेपणार. आई, जाऊ द्या रोहिणीला उद्या. स्वयंपाक मी करीन, सगळा करीन, तक्रार नाही करणार. पण हे उठवा इथून."

"मोठी आई, ते पप्पा आहेत!"

"असतील!"

"आजी," तेजस्विनीनं सिंधुबाईंचा खांदा धरला. आठवडाभर आईला 'माझं म्हण, माझं म्हण' करून पिडणारी हीच. "आजी, राहू दे ना. मुलाखत दुसरी मिळेल. मी शोधीन. मम्मी पुढच्या महिन्यात जाईल. आज तरी राहू दे त्यांना."

सिंधुबाईंनी मान वळवून रोहिणीकडे बघितलं. आतापर्यंत तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. चेहऱ्यावरचं ते शिकवलेलं हसू कुठं गेलं होतं देव जाणे. तिनं पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून घेतला होता, आणि ती एका क्षणात दहा-बारा वर्षांनी मागं गेल्यासारखी दिसत होती.

"तू सांग," सिंधुबाई म्हणाल्या. "उद्या जायचं का तुला?"

रोहिणी खुर्चीकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ह्यांना विचारते."

सिंधुबाईंना त्या आवाजाची चीड आली. आवाज ओळखीचा होता. तेजू बालवाडीत असताना बँकेतून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा रोहिणी ह्याच आवाजात 'ह्यांना विचारते' म्हणाली होती. पुढं शाळेच्या ऑफिसात जागा निघाली, तेव्हाही. आणि प्रफुल्ल काय म्हणायचा, तेही घराला पाठ होतं. वाईट बोलायचा नाही तो. कधी ओरडला नाही, हात उगारला नाही. पाय दुमडून बसायचा, ग्लास उपडा ठेवायचा आणि गोड हसून एकच वाक्य बोलायचा.

त्या परत खुर्चीकडे वळल्या. ओठ काळेनिळे, गुडघा हलतोय, डोळे बायकोवर खिळलेले.

"एकच इचारते," त्या म्हणाल्या. "आन खरं बोल, तू माझ्याशी खोटं बोललेला मला आठवत नाय. ही कामाला कधी जानार?"

खुर्चीतला हसला. अगदी तसंच हसला. लहानूच्या पडक्या दातांमधूनसुद्धा ते हसू ओळखू आलं, आणि सिंधुबाई ते बघतच राहिल्या, कारण असं हसणारं दुसरं कोणी त्यांच्या उरलेल्या आयुष्यात त्यांना भेटणार नव्हतं.

"पुढच्या वर्षी, बय," तो म्हणाला.

खोलीत सगळ्यांनी ते पाठ असलेलं वाक्य ऐकलं. सावळीरामनं जोडलेले हात खाली घेतले. तेजस्विनीचे हात आजीच्या खांद्यावरून सुटले. रोहिणी भिंतीपासून जराशी पुढं झाली आणि खुर्चीतल्या माणसाकडे बघू लागली.

सिंधुबाई स्टुलावरून उठल्या. गुडघे वाजले. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आपले हात टेकले आणि वाकून तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. पान-सुपारीच्या वासाखाली दुसरा एक वास होता, तापलेल्या डांबराचा, आणि त्यात कुठंतरी लहानपणी त्याच्या केसांना यायचा तसला.

"बय, पाणी दे ना," तो म्हणाला.

"नाय देत," सिंधुबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "उद्या रोहिणी जानार. त्याच रस्त्यानं जानार, दहाव्या मैलावरून, आन तिथं तू तिची बस अडवायची नाय. काम मिळंल न मिळंल, ते तिचं नशीब. पर जाऊन बसंल ती त्या सायबापुढं. जिता व्हतास तवर तिनं तुझं ऐकलं. मीबी ऐकलं, आन म्हनलं, पोरगा गोड बोलतो, त्यात काय. पोटचा हायेस म्हनून दुसऱ्या कोनाकडून सांगत नाय, मीच सांगते. तू मेलायस, प्रफुल्ल. आता मेल्यासारखं वाग."